आवाजाची कारागिरी – भाग ४ : जात्याच्या घरघरीत ओवी शोधताना

गेल्या आठवड्यात जुन्या टेपवरचा आवाज संगणकात उतरवला. आता तो पडद्यावर वाचायचा आणि त्यातला हवा तेवढाच भाग नेमका उचलायचा. यासाठी मुळशी तालुक्यातल्या जात्यावरच्या ओव्यांहून चांगला धडा नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकात मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतून ओव्या गोळा करायला सुरुवात केली. काम वाढत हजाराहून अधिक गावांत पोचले आणि एक लाखाहून अधिक ओव्या कागदावर उतरल्या. पुढे संगीत आणि संगणक या दोन्हींचे जाणकार बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. नांदगावच्या कुसुम सोनवणे, कोळवड्याच्या ताराबाई उभे अशा गायिकांचे आवाज आज ‘पारी’ या संकेतस्थळामुळे कुणालाही ऐकता येतात.

पण १२० तासांतून एक ओवी काढायची कशी?

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घेऊ. फाइल उघडली की आडवी निळी पट्टी दिसते. मधल्या रेषेपासून ती वर-खाली जितकी फुगलेली, तितका आवाज मोठा. बाहेरचा गडद निळा भाग त्या त्या क्षणाची कमाल पातळी दाखवतो, आतला फिकट भाग सरासरी. चित्र स्वच्छ दिसते, पण ते फसवेही आहे. तासाभराचे मुद्रण १,९२० बिंदू रुंदीच्या पडद्यावर मावले, तर एकेका उभ्या रेघेत जवळजवळ दोन सेकंदांचा आवाज कोंबलेला असतो. बाईने श्वास घेतला, दुसरीने सूर उचलला, हे सगळे त्या एका रेघेत गडप होते. म्हणून आधी कंट्रोल आणि १ दाबून चित्र मोठे करावे, ओवीच्या आसपास यावे. सेकंदाला ४८,००० नमुन्यांनी टिपलेला आवाज खूपच मोठा करून पाहिला, तर शेवटी सुटे ठिपके दिसतात. एकेक ठिपका म्हणजे एकेक नमुना.

बोलण्याच्या मुद्रणात दोन वाक्यांमध्ये शांतता असते, तिथे पट्टी बारीक होते आणि कापायची जागा नजरेनेच सापडते. जात्यावर तसे होत नाही. गाणे थांबले तरी हात थांबत नाही, दगड फिरतच राहतो, आणि पट्टी दोन ओळींच्या मध्येही जाडच राहते. जागा दिसत नाही ती इथेच.

अशा वेळी ट्रॅकच्या मेन्यूतून स्पेक्ट्रोग्राम निवडावा. यात आडवा वेळ, उभी कंपनसंख्या, आणि जिथे जोर जास्त तिथे रंग तेजस्वी. जात्याची घरघर तळाशी दाट पट्ट्यासारखी पसरते. गळ्यातून निघालेला स्वर मात्र एकावर एक समान अंतराने रचलेल्या रेषांच्या रूपात दिसतो, आणि सूर हलला की साऱ्या रेषा एकत्र हलतात. ‘स’ आणि ‘श’ वरच्या भागात धूसर डाग सोडतात. बांगड्या किणकिणल्या की बारीक उभ्या रेघा उमटतात. रेषा जिथे संपतात तिथे ओळ संपली, मग घरघर चालू असो वा नसो.

आवाज असा कागदावर पाहण्याची हौस जुनी आहे. पॅरिसच्या एदुआर्द-लिऑन स्कॉट द मार्तिन्व्हिल यांनी १८५७ मध्ये काजळी धरलेल्या कागदावर आवाज रेखणारे यंत्र घडवले. तो पुन्हा ऐकण्याची सोय त्यात नव्हती. त्यांनी १८६० मध्ये रेखलेल्या गाण्याच्या ओळी २००८ मध्ये संगणकाच्या मदतीने ऐकता आल्या.

निवड करताना माउस ओढून ढोबळ भाग धरावा, मग बाणांच्या कळांनी कडा सरकवाव्यात, शिफ्ट दाबून बाहेर, कंट्रोल आणि शिफ्ट दाबून आत, आणि दर वेळी स्पेसबार दाबून ऐकावे. डोळा जागा सुचवतो, निकाल कानाने द्यायचा. कडा पक्क्या झाल्या की झेड दाबावे. मग आवाजाची रेघ जिथे मधली रेषा ओलांडते, त्या जवळच्या शून्याच्या ठिकाणी कडा सरकतात. हे राहिले तर कापलेल्या जागी ‘टक्’ असा आवाज येऊ शकतो.

कड कुठे धरायची, हा प्रश्न मात्र कळफलक सोडवत नाही. पहिल्या अक्षरावर कापले तर आधीचा श्वास जातो, शेवटच्या अक्षरावर कापले तर दगडाचा फेरा मध्येच तुटतो. दोन्ही ओवीचेच भाग आहेत. ती दळताना रचली गेली, त्या फेऱ्याच्या चालीवर बसवली गेली. घरघरीला गोंगाट समजून छाटणाऱ्याच्या हाती शब्द उरतील, श्रम नाहीत. म्हणून दोन्हीकडे एखादा सेकंद जास्त ठेवावा.

आणि मूळ फाइलला कात्री लावूच नये. निवड झाली की कंट्रोल आणि बी दाबून तिला नाव द्यावे : गायिका, गाव, ओवीचा क्रमांक. या खुणा वेगळ्या मजकूर-फाइलीत साठवता येतात. तिच्या प्रत्येक ओळीत सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ आणि नाव. ओव्यांच्या संग्रहातही शब्दांशेजारी टेपचा क्रमांक आणि ओवी सुरू होण्याची वेळ नोंदलेली असते. अभ्यासकाला एकच ओवी हवी असेल तर ती लगेच मिळते, आणि पुढची-मागची गाणी, मधली कुजबूज, हसणे जिथल्या तिथे राहते.

पुढच्या आठवड्यात : टेपची सरसर कमी करताना जात्याची घरघर कशी वाचवायची.