मागच्या आसनावरून पाहिलेली छोटी मोटार

शहरातील मध्यमवर्गीय कुटुंब पहिली मोटार घेण्याचा विचार करू लागते, तेव्हा तुलनेचा आरंभ बहुधा दोन आकड्यांपासून होतो : जाहिरातीत ठळक छापलेली किंमत आणि मायलेज, म्हणजे एका लिटर पेट्रोलमध्ये गाडी किती किलोमीटर धावते याचे प्रमाण. हे दोन्ही आकडे खोटे नसतात. परंतु ते ज्या परिस्थितीत खरे ठरतात ती परिस्थिती कुटुंबाच्या वाट्याला क्वचितच येते, आणि शिवाय त्यांचा संबंध गाडी चालविणाऱ्याशी किंवा तिचे हप्ते भरणाऱ्याशी असतो. घरातील उरलेली माणसे, विशेषतः आजी-आजोबा आणि शाळकरी मुले, मागच्या आसनावर बसतात, आणि पाच-सहा लाखांच्या आतबाहेरच्या गाड्यांमधील खरे अंतर सर्वांत आधी त्याच आसनावर जाणवते. म्हणून या गाड्यांची पारख मागच्या दारापासून सुरू करणे अधिक योग्य ठरते.

भारतात ‘छोटी मोटार’ ही केवळ बोलण्यातील संज्ञा नसून ती करव्यवस्थेतही ठरलेली आहे. लांबी चार मीटरपेक्षा अधिक नसलेली आणि पेट्रोल इंजिनाची क्षमता 1200 सीसीपर्यंत असलेली गाडी या वर्गात येते; सीसी म्हणजे घन सेंटिमीटर, अर्थात इंजिनातील दट्टे ज्या पोकळीत वरखाली होतात त्या पोकळीचे एकूण आकारमान. या वर्गावर पूर्वी 28 टक्के वस्तू व सेवा कर आणि वर एक टक्का उपकर असे. 22 सप्टेंबर 2025 पासून हा भार 18 टक्क्यांवर आला आणि अनेक वर्षे चढत गेलेल्या किमती एकदम खाली उतरल्या. त्या कपातीनंतर मारुतीच्या एस-प्रेसो आणि अल्टो के-10 या गाड्यांची आरंभीची किंमत साडेतीन ते पावणेचार लाखांच्या घरात, रेनॉच्या क्विडची सव्वाचार लाखांच्या पुढे, टाटांच्या टियागोची आणि मारुतीच्या सेलेरिओची साडेचार ते पावणेपाच लाखांच्या दरम्यान, वॅगन-आरची पाच लाखांच्या आसपास, तर ह्युंदाईच्या ग्रँड आय-10 निओसची साडेपाच लाखांच्या जवळ आली. या सर्व गाड्या हॅचबॅक प्रकारच्या, म्हणजे सामानाची डिकी प्रवाशांच्या कक्षाला जोडूनच असलेल्या आणि मागचे झाकण काचेसह वर उचलले जाणाऱ्या आहेत.

मागच्या आसनाचा विचार या देशात प्रथमच होत आहे असे नाही. 14 डिसेंबर 1983 रोजी पहिल्या ग्राहकाच्या हाती पडलेल्या 796 सीसीच्या मारुती 800 ने मोटार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली, आणि पुढे 2008 मध्ये जगासमोर आलेल्या टाटा नॅनोने तर इंजिन मागे ठेवून जेमतेम 3.1 मीटर लांबीच्या गाडीत पाय पसरता येतील एवढी जागा मागच्या प्रवाशांना दिली. त्याच नॅनोच्या मागचे झाकण मात्र सुरुवातीच्या वर्षांत उघडतच नसे आणि सामान आतून, आसनाच्या पाठीवरून ठेवावे लागे. 2018 मध्ये नॅनोचे उत्पादन थांबले, त्यामागे ‘सर्वांत स्वस्त गाडी’ हा शिक्का होता असे सामान्यतः मानले जाते. परंतु कुटुंब गाडीत कसे बसते याचा इतका मुळापासून विचार त्यानंतर या किमतीत फारसा झालेला नाही, हेही मान्य केले पाहिजे.

आजच्या गाड्यांत मागे चढणे-उतरणे सर्वांत सोपे आहे ते वॅगन-आरमध्ये. तिची उंची 1675 मिलिमीटर, तर अल्टो के-10 ची 1520 आणि टियागोची 1535 मिलिमीटर आहे. हा सुमारे साडेपाच-सहा इंचांचा फरक कागदावर किरकोळ वाटला, तरी गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीला मान वाकवून खाली बसावे लागते की खुर्चीवर टेकावे तसे सहज आसनावर टेकता येते, हे त्यावरच ठरते. वॅगन-आरची डिकीही 341 लिटरची, म्हणजे अल्टोच्या 214 लिटरच्या दीडपटीहून मोठी आहे. रुंदीचा हिशेब वेगळा लागतो. अल्टोची रुंदी 1490 मिलिमीटर असल्याने मागे तीन प्रौढ बसले की खांद्याला खांदा घासतो, तर टियागो आणि निओस या दोन्ही गाड्या जवळजवळ 1680 मिलिमीटर रुंद असल्याने तिसऱ्या माणसाला निदान दाटीवाटीने का होईना, पण जागा मिळते. निओसच्या वरच्या प्रकारांत मागच्या प्रवाशांसाठी वातानुकूलनाचे स्वतंत्र झरोके आहेत. नागपूर किंवा जळगावच्या मे महिन्यात बंद गाडीत मागे बसलेल्या मुलांना त्यांचे मोल कळते, आणि या किमतीत ही सोय दुर्मीळ आहे. उलट अल्टोचा लहानपणा हाच जुन्या पेठांतील गल्ल्यांत तिचा गुण ठरतो, केवळ 4.5 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ती वळते, आणि पती-पत्नी व एक लहान मूल एवढेच कुटुंब असेल तर तिच्या अरुंदपणाची अडचण होत नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून अधिक खोलात जाऊन पाहावा लागतो, कारण या एका बाबतीत जाहिराती अर्धेच सांगतात. ग्लोबल एनकॅप ही संस्था 2014 पासून भारतीय गाड्या ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून त्यांतील पुतळ्यांना होणाऱ्या इजेवरून शून्य ते पाच तारे देत आली आहे, आणि ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही देशाची स्वतःची चाचणीही सुरू झाली असून ती ऐच्छिक आहे. ग्लोबल एनकॅपच्या 2020 मधील चाचणीत टियागोला प्रौढांच्या संरक्षणासाठी चार तारे मिळाले. त्याच वर्षी निओसला दोन, तर एस-प्रेसोला शून्य. 2023 मध्ये अल्टो के-10 ला प्रौढांसाठी दोन आणि वॅगन-आरला एक तारा मिळाला, आणि मुलांच्या संरक्षणात या दोन्ही गाड्यांना शून्य तारे पडले. हे निकाल शेजारी शेजारी ठेवताना दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात : 2022 मध्ये चाचणीचे निकष अधिक कडक झाल्यामुळे 2020 आणि 2023 ची परीक्षा एकच नव्हती, आणि 2025 मध्ये अल्टो, सेलेरिओ व वॅगन-आर या तिन्ही गाड्यांत सहा एअरबॅग सर्व प्रकारांत दिल्या जाऊ लागल्या, तर चाचणी दोन एअरबॅगच्या गाड्यांची झाली होती. एअरबॅग म्हणजे धडकेच्या क्षणी फुगणारी उशी. ती माणसाला झेलते, परंतु गाडीचा सांगाडाच आत चेपला तर उशांची संख्या वाढवून फारसे साधत नाही. त्यामुळे ‘सहा एअरबॅग’ हे शब्द वाचून गाडी आपोआप सुरक्षित मानणे चूक आहे, तसेच जुन्या चाचणीतील ताऱ्यावरून नव्या गाडीला कायमचे नापास ठरविणेही चूक आहे.

मुलांसाठीचे शून्य तारे मात्र थेट मागच्या आसनाशी संबंधित आहेत. मधल्या जागेला खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा तीन बिंदूंचा पट्टा आहे का, लहान मुलाची वेगळी खुर्ची घट्ट अडकविण्यासाठी आयसोफिक्स नावाचे लोखंडी हूक आहेत का, अशा बाबी त्या गुणांत मोजल्या जातात, आणि या बाबी खरेदीदाराला शोरूममध्ये पाच मिनिटांत स्वतःच्या हाताने तपासता येतात. मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावणे कायद्याने बंधनकारक आहे, तरीही शहरात तो बहुधा लावला जात नाही. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले, तेव्हा ते अत्यंत महागड्या आणि भक्कम गाडीत मागे, पट्टा न लावता बसले होते. पट्ट्याविना बसलेल्या माणसाला गाडीचे तारे वाचवू शकत नाहीत, मग ती गाडी कितीही लाखांची असो.

किमतीच्या तुलनेत एक्स-शोरूम आणि ऑन-रोड या दोन शब्दांतील अंतर समजून घ्यावे लागते. पहिली किंमत वस्तू व सेवा करासह विक्रेत्याच्या दारातील, तर दुसरी आरटीओचा कर, नोंदणी आणि विमा धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंतची असते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीवर 11 टक्के मोटार वाहन कर आकारला जातो, म्हणजे पाच लाखांच्या गाडीवर 55 हजार रुपये. विमा धरला की ती पावणेसहा लाखांच्या पुढे जाते. नव्या गाडीला त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा तीन वर्षांचा एकदम काढावा लागतो आणि त्याचा दर इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो : 1000 सीसीपर्यंत 6,521 रुपये, त्यापुढे 1500 सीसीपर्यंत 10,640 रुपये. याचा अर्थ 998 सीसीची अल्टो आणि 1199 सीसीची टियागो यांच्यात या एका बाबीत चार हजारांहून थोडा अधिकच फरक पडतो, आणि एवढ्याशा रकमेसाठी लहान इंजिन निवडण्याचे कारण नाही. जाहिरातीतील आरंभीची किंमत मात्र सर्वांत साध्या प्रकाराची असते, ज्यात मागच्या काचा हाताने फिरवाव्या लागणे, मागे वायपर नसणे अशा उणिवा असतात. कुटुंबाने त्या प्रकाराच्या एक-दोन पायऱ्या वरचाच प्रकार विचारात घेणे हिताचे आहे.

मायलेजचे आकडे अधिकृत प्रयोगशाळेतील चाचणीतून येतात, आणि अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. तेथे गाडी रस्त्यावर नव्हे तर फिरत्या रुळांवर, ठरावीक वेगाने, वातानुकूलन बंद ठेवून चालविली जाते, म्हणून अल्टो के-10 चे 24.39 किलोमीटर शहरातील सिग्नल, गर्दी आणि उन्हाळ्यातील एसी यांत बरेच खाली येतात. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल मिसळले जाते, आणि इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असल्याने मायलेज आणखी थोडे घटते. ही घट सर्वच गाड्यांना लागू असल्याने तुलनेत ती फारशी ढवळाढवळ करीत नाही.

सीएनजीचा, म्हणजे दाबाखाली भरलेल्या नैसर्गिक वायूचा हिशेब मात्र प्रत्येक घराने स्वतः मांडावा असा आहे. पेट्रोल 104 रुपये लिटर व शहरातील प्रत्यक्ष मायलेज 18 धरले, सीएनजी 85 रुपये किलो व मायलेज 25 धरले, तर किलोमीटरमागे सुमारे दोन रुपये चाळीस पैसे वाचतात. सीएनजीच्या गाडीला 85 हजार रुपये जास्त मोजले असतील तर ते वसूल होण्यास सुमारे 36 हजार किलोमीटर धावावे लागते. महिन्याला 1500 किलोमीटर चालणाऱ्या घराला याला दोन वर्षे लागतात, तर केवळ शनिवार-रविवारी आणि सणासुदीला मिळून 600 किलोमीटर चालविणाऱ्या घराला पाच वर्षे. शिवाय पंपावरील रांगेत जाणारा वेळ आणि दर तीन वर्षांनी करावी लागणारी टाकीची तपासणी वेगळी. बहुतेक गाड्यांत ही टाकी डिकीच गिळून टाकते, आणि मग गावाला जाताना पिशव्या मागे बसलेल्यांच्या मांडीवर येतात. टियागोमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसविल्यामुळे वर सामानाला उपयोगी जागा उरते, आणि हा साधा विचार या वर्गातील कौतुकास्पद सुधारणांपैकी एक आहे. अल्टो के-10 ची शक्ती पेट्रोलवर सुमारे 67 पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) असते, ती सीएनजीवर सुमारे 57 वर येते. पाच माणसे आणि सामान घेऊन खंबाटकीचा घाट चढताना हा फरक चालकाला नक्की जाणवतो.

एएमटी, म्हणजे नेहमीच्याच गिअरपेटीत क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम यंत्राकडून करवून घेणारी सोय, सेलेरिओने 2014 मध्ये स्वस्त गाड्यांत आणली. गिअर बदलताना ती किंचित अडखळते, तरी रोज तासभर कोंडीत काढणाऱ्या आणि डावा पाय दुखणाऱ्या माणसाला तिच्यासाठी द्यावे लागणारे जादा पैसे योग्य ठिकाणी पडतात. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत टियागो ईव्ही या वर्गाच्या सर्वांत जवळची आहे, परंतु सोसायटीत स्वतःच्या जागेवर चार्जिंगची सोय असल्याशिवाय तिचा विचार करण्यात अर्थ नाही.

एवढ्या तपशिलानंतर निवड करायची तर घरात ज्येष्ठ माणसे असतील आणि गाडी मुख्यतः शहरातच फिरणार असेल, तर 1.2 लिटर इंजिनाची वॅगन-आर उजवी ठरते. दर महिन्याला मुलांसह महामार्गावर जाणे असेल, तर टियागोची चाचणीतील कामगिरी अधिक वजनाची मानली पाहिजे, जरी तिच्यात थोडे वाकून बसावे लागले तरी. तीन माणसांच्या कुटुंबाला अल्टो के-10 पुरते, आणि अधिक पैसे घालणे शक्य असेल तर निओसमधील मागचा प्रवास या सर्वांत सुखाचा आहे. मात्र शोरूममधील चाचणीफेरीला घरातील एकटाच चालक जातो, ही सवय आधी सोडावी. त्या दिवशी आजी-आजोबांना आणि मुलांना सोबत न्यावे, सर्वांना मागे बसवून दार लावावे, प्रत्येकाचा पट्टा लागतो का ते पाहावे, आणि गाडी निदान अर्धा तास खड्ड्याच्या रस्त्यावरून फिरवून आणल्यावर मगच नोंदणीची रक्कम भरावी.