मथळ्याचें अक्षर

जाहिरात ही वाचली जाण्यापूर्वीं पाहिली जाते. रस्त्यावरील पाटी असो, वर्तमानपत्रांतील चौकट असो, किंवा हल्लीं फोनच्या पडद्यावर क्षणभर दिसून नाहींशी होणारी चौकोनी जाहिरात असो, तिच्यांतील मोठ्या अक्षरांचें रूप प्रथम डोळ्यांत भरतें आणि अर्थ मागाहून येतो. अशा मोठ्या अक्षरांसाठीं जे खास फॉन्ट तयार करतात त्यांस डिस्प्ले फॉन्ट असें नांव आहे; आपण त्यांस मथळ्याचे फॉन्ट म्हणूं. शाळेंतील विद्यार्थी स्नेहसंमेलनाचीं निमंत्रणें फोनवरच तयार करतात, आणि कित्येक पालकांचा घरगुती धंदा अशाच जाहिरातींवर चालतो. म्हणून या विषयाचा थोडा विचार करणें उपयुक्त होईल.

शिशाच्या खिळ्यांच्या काळीं निवडीचा हा प्रश्न फारसा पडत नसे. अक्षराच्या प्रत्येक आकारमानास खिळ्यांचा निराळा संच लागे, आणि काना, मात्रा, जोडाक्षरें धरून देवनागरीच्या एकेका संचांत शेंकडों खिळे असत. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं मुंबईंत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचें अक्षर सुबकपणाबद्दल नांवाजलें गेलें. पण लहान छापखान्यांत मथळ्यासाठीं मोजकींच वळणें असत. त्या दारिद्र्यांत एक शिस्त होती. आज बोट फिरवितांच शेंकडों वळणें समोर उभीं राहतात, आणि ती शिस्त ज्याची त्यानेंच पाळावी लागते.

प्रत्येक वळणास आपला एक स्वभाव असतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ हा फॉन्ट पाहावा. त्याचीं अक्षरें इतकीं गुबगुबीत आहेत कीं आंतील मोकळी जागा केवळ रेघेएवढी उरते. बालमेळाव्यास किंवा मिठाईच्या दुकानास तो शोभून दिसतो. शोकसभेच्या सूचनेस तो वापरल्यास पाहणारास धक्काच बसेल. ‘यात्रा’ हा फॉन्ट मुंबईच्या लोकल गाड्यांच्या स्थानकांवरील हातानें रंगविलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे, आणि त्याच्या जाड कलमी वळणांत प्रवासाची आठवण आहे. हें स्वभावाचें तत्त्व मराठी रंगभूमीस चांगलें ठाऊक होतें. २०२० सालीं निवर्तलेले प्रसिद्ध अक्षरकार कमल शेडगे यांनीं रेखाटलेलीं नाटकांचीं नांवें पाहिलीं म्हणजे नाटक गंभीर कीं विनोदी हें वर्तमानपत्रांतील जाहिरातीवरूनच कळे.

परंतु अक्षरकार आणि फॉन्ट यांत एक मोठा भेद आहे. अक्षरकार समोरच्या शब्दाकडे पाहून अक्षर काढतो. फॉन्ट करणारास मात्र पुढें कोणता शब्द येईल तें ठाऊक नसतें, आणि मराठी जाहिरातींचा घात बहुधा येथेंच होतो.

समजा, एखाद्या भगिनीस ‘कैऱ्यांचें लोणचें’ अशी जाहिरात करावयाची आहे. ‘कैऱ्या’ या शब्दांतील ‘य’ ला जोडलेला आडवा ‘र’ मराठीस पदोपदीं लागतो, हिंदीस त्याची गरज पडत नाहीं. म्हणून केवळ हिंदी डोळ्यांपुढें ठेवून केलेल्या फॉन्टांत तो कधीं कधीं नसतोच. मग ‘कैऱ्या’ च्या जागीं ‘कैर्या’ उमटतें आणि वाचणारा अडखळतो. हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नव्हे. ‘दऱ्या’ डोंगरांत असतात, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यास’ दिलेलें वेतन स्वयंपाक्यास पोंचतें, ‘आचार्यास’ दिलेलें गुरूस! ‘ॲ’ या अक्षराचीही तीच कथा. युनिकोड या संगणकीय अक्षरसंकेतांत त्यास २००८ सालीं स्थान मिळालें. ज्या फॉन्टांत तें नाहीं तेथें संगणक दुसऱ्या फॉन्टांतून तें उसनें आणतो, आणि ‘ॲडमिशन’ या शब्दाचें पहिलें अक्षर वस्त्रास लावलेल्या ठिगळासारखें दिसतें. ‘ल’ व ‘श’ यांचीं मराठी रूपेंही हिंदींत रूढ असलेल्या रूपांहून निराळीं आहेत. पाकळीचा ‘ल’ व देठाचा ‘श’ यांस महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या लिपिविषयक निर्णयांतही स्थान आहे. हिंदी वळणाच्या ‘ल’ नें अर्थ बिघडत नाहीं हें खरें. तरी मराठी मनुष्यास आपल्या घरचें अक्षर पाहून जो आपलेपणा वाटतो, तो विकणारानें कां गमवावा?

यासाठीं नमुन्याच्या चित्रावर भुलून फॉन्ट निवडूं नये. आपल्या जाहिरातींतील खरे शब्द त्यांत लिहून पाहावे, आणि जोडीस ज्येष्ठ, उत्कृष्ट, राष्ट्र, कैऱ्या, ॲप, शाळा, मूर्ति एवढे शब्द उमटवावे. ‘मूर्ति’ मधील वेलांटी अक्षराच्या अगोदर बसण्याऐवजीं नंतर बसली, तर दोष फॉन्टचा नसून मांडणीच्या सॉफ्टवेअरचा समजावा. कित्येकांत भारतीय लिपींची जुळणी आपण होऊन चालू करावी लागते.

आणखी एक अनुकरण सोडावयास हवें. रोमन लिपींतील मोठीं अक्षरें विरळ मांडलीं असतां भारदस्त दिसतात. देवनागरींत तोच प्रयोग केला कीं शिरोरेषा जागोजाग तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात.

मथळ्याचा फॉन्ट चार-सहा शब्दांपुरताच ठेवावा. किंमत, पत्ता, फोन क्रमांक यांस ‘मुक्ता’ सारखा शांत फॉन्ट द्यावा. याचें कारण पडद्याच्या मापांत आहे. १०८० बिंदू रुंदीचें चित्र सुमारें सात सेंटिमीटर रुंदीच्या फोनवर दिसतें. त्यांत ३० बिंदूंचें अक्षर घेतलें तर त्यास जेमतेम दोन मिलिमीटर उंची मिळते. मात्रा व उकार यांची जागा त्यांतूनच जाते, आणि अक्षराच्या देहास एक मिलिमीटरच्या आसपास उरतो! एवढ्या आकारांत ‘मोदक’ म्हणजे शाईचे ठिपके. रंगाचेंही तसेंच. संकेतस्थळांच्या सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत अक्षर व पार्श्वभूमि यांच्या उजळपणाचें प्रमाण साध्या मजकुरास निदान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांस ३ ला १ असावें असें सांगितलें आहे. पिवळ्यावर पांढरें लिहिणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

फॉन्ट हा कोणाच्या तरी कित्येक महिन्यांच्या श्रमांचें फळ असतो. मित्राच्या संगणकावरून विकाऊ फॉन्ट उतरवून घेणें ही चोरीच होय, आणि तिची गरजही नाहीं. वर सांगितलेले ‘मोदक’, ‘यात्रा’, ‘मुक्ता’ हे फॉन्ट मुक्त परवान्याखालीं मिळतात. धंद्याच्या जाहिरातीसही ते विनामूल्य वापरतां येतात, मात्र फॉन्टच वेगळा काढून विकतां येत नाहीं.

जाहिरात तयार झाली कीं ती सर्वांस धाडण्यापूर्वीं आपल्याच फोनवर पाठवावी, अंगणांत उन्हांत उभें राहून घरांतील एखाद्या वडील माणसाच्या हातीं द्यावी, आणि काय विकावयाचें आहे, किती रुपयांस, व कोठें विचारावयाचें, हें त्यांस वाचावयास सांगावें. त्यांनीं ‘कैऱ्यांचें लोणचें’ झटकन वाचलें, पण फोन क्रमांकाशीं येतांच डोळे बारीक केले, तर क्रमांक मोठा करावा. आणि जागा पुरत नसेल तर त्यासाठीं मथळा लहान करावा.