परसातील सुगंधी वृक्ष (लेखांक ६) : सुरंगी

मागील लेखांकातील बकुळ घाटावरच्या कोरड्या हवेतही तग धरते. सुरंगीचे तसे नाही. पश्चिम घाटाच्या ओलसर जंगलांतला हा प्रदेशनिष्ठ, म्हणजे विशिष्ट प्रदेशापुरताच नैसर्गिकरीत्या आढळणारा, सदाहरित वृक्ष सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या दमट हवेत व पाणी न साचणाऱ्या जांभ्या जमिनीत सुखाने वाढतो, म्हणून देशावरच्या बागेत तो लावण्याचा हट्ट न धरणेच बरे. वनस्पतिशास्त्रात मॅमिया सुरिगा या नावाने ओळखला जाणारा हा वृक्ष उंडीच्या कुळातला आहे.

सुरंगीची फुले कोवळ्या शेंड्यांवर न येता, पाने गळून गेलेल्या जुन्या फांद्यांच्या पेरांवर घोसांनी येतात आणि परसातल्या झाडाची सारी निगा या एका गोष्टीभोवती फिरते. झाड आटोपशीर दिसावे म्हणून जुन्या फांद्या छाटणारा किंवा कळ्या काढताना फांद्याच ओरबाडणारा माणूस पुढील हंगामाची फुलेही त्यांबरोबर गमावतो. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात गोल, तांबूस कळ्या उमलून पांढऱ्या पाकळ्यांमधून पिवळ्या पुंकेसरांचा झुबका बाहेर पडतो; मात्र वळेसरासाठी, म्हणजे केसांत माळायच्या गजऱ्यासाठी, कळ्या उमलण्यापूर्वीच, सकाळी लवकर खुडाव्या लागतात.

बियांपासून वाढवलेले रोप फुलायला अनेक वर्षे घेते. शिवाय सुरंगीच्या काही झाडांवर केवळ नरफुले, तर काहींवर फळ धरणारी फुले येत असल्यामुळे रोप कोणत्या प्रकारचे निघेल हे आधी कळत नाही. केवळ सुगंध हवा असणाऱ्याला ही अनिश्चितता फारशी बाधत नाही, परंतु वाट पाहण्याचा काळ कमी करायचा असेल तर मृदुकाष्ठ कलम, म्हणजे रोपाचा शेंडा छाटून तिथे दिलेल्या चिरेत फुलणाऱ्या झाडाची काडी बसवून केलेले कलम, घेणे श्रेयस्कर ठरते. जून महिन्यात सुमारे ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्ड्यात कुजलेले शेणखत आणि माती भरून, भिंतीपासून ६ ते ७ मीटर अंतर राखून कलम लावावे, पहिली काही वर्षे उन्हाळ्यात सावली व पाणी द्यावे आणि जोडाखालून फुटणारे धुमारे वेळीच काढावेत, कारण ते वाढू दिल्यास मूळ रोपच कलमावर मात करते.

सुकल्यावरही गंध टिकवणाऱ्या या कळ्या पूर्वी रेशीम रंगवण्यासाठी वापरत. बाजारात त्या कधी कधी नागकेशर म्हणूनही विकल्या जातात. वस्तुतः खरे नागकेशर हे मेसुआ या वेगळ्या वृक्षाचे पुंकेसर असतात, तेव्हा औषधासाठी नागकेशर हवे असणाऱ्याने परसातल्या सुरंगीवर विसंबू नये.