‘केल्याचे कबूल’ आणि ‘करण्याचे कबूल’

बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरद्वारे कमी केला जातो, असे क्युपर्टिनोच्या ॲपल कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केले. फोन अचानक बंद पडू नये म्हणून ही योजना, असे तिचे म्हणणे होते. २८ डिसेंबरला तिने ग्राहकांची माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. पुढे २०२० मध्ये सामूहिक दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंत भरपाई देण्याचेही तिने कबूल केले. गैरकृत्य केल्याचे मात्र कबूल केले नाही.

वरच्या परिच्छेदात एकच क्रियापद तीनदा आले आहे आणि त्याचे अर्थ दोन आहेत. ‘पैसे घेतल्याचे कबूल केले’ ही कबुली. ‘पैसे देण्याचे कबूल केले’ हे वचन. पहिले मागे पाहते, दुसरे पुढे. फरक करतो तो क्रियापदाआधीचा ‘-ल्याचे’ किंवा ‘-ण्याचे’. ‘मला कबूल आहे’ एवढेच म्हटले, तर ऐकणाऱ्याला संदर्भावरूनच अर्थ लावावा लागतो.

‘कबूल’ मूळचा अरबी, स्वीकार या अर्थाचा; फारसीमार्गे मराठीत रुळलेला. त्याच्या दोन्ही वाटा नामांतही दिसतात. आरोपी देतो तो कबुलीजबाब. रयत सारा भरण्याचे लिहून देई ती कबुलायत. तिच्यात अपराधाचा लवलेशही नव्हता.

इंग्रजीतील ‘कन्सीड’चे घराणे वेगळे. त्याच्या लॅटिन मुळात बाजूला होणे, वाट देणे ही कल्पना आहे. त्यामुळे मुद्दा, निवडणूक, हक्क, क्रिकेटमधील धावा, सारे त्या एका शब्दात मावते. मराठीत मुद्दा मान्य करतात, हक्क सोडतात, वादात नमते घेतात आणि गोलंदाज धावा ‘देतो’. निवडणुकीतील पराभवही बहुधा ‘मान्य’ केला जातो. ‘कबूल’ म्हटले, की तो लपवून ठेवला होता असा वास येतो.

म्हणूनच अशा तडजोडीची बातमी मराठीत देताना ‘ॲपलची कबुली’ हा मथळा आटोपशीर असला तरी चुकीचा ठरेल. वेग कमी केल्याची कबुली २०१७ ची. २०२० मध्ये कंपनीने कबूल केली ती रक्कम.