पात्र आणि योग्य : अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील एका नियमाचा अर्थविचार

१

नियमाच्या भाषेत आणि लोकव्यवहाराच्या भाषेत एकच शब्द भिन्न अर्थांनी वावरू लागला, म्हणजे वाद नियमाविषयी चालला आहे असे वरकरणी वाटते. वस्तुतः त्याचा पुष्कळसा भाग त्या शब्दाविषयीच असतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या क्षेत्रात २०२३ साली उद्भवलेला एक वाद या दृष्टीने अभ्यसनीय आहे. व्हर्जिनिया राज्यातील जेम्स मॅडिसन विद्यापीठाच्या संघाने त्या हंगामातील पहिले दहाही सामने जिंकले होते. असे असता, हंगाम संपल्यानंतर होणाऱ्या मानाच्या सामन्यांस हा संघ पात्र नाही, हा निर्णय नियामक संघटनेने नोव्हेंबर महिन्यात कायम ठेवला. विद्यापीठाने नियमातून सूट मागितली होती, ती नाकारली गेली. राज्याच्या महाअधिवक्त्यांनी न्यायालयात जाण्याचा इशारा दिला. लागोपाठ दहा सामने जिंकणारा संघ अपात्र कसा, असा प्रश्न सर्वत्र विचारला गेला.

प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याच्या रचनेतच एक गृहीत दडलेले आहे. पात्रता पराक्रमाने मिळते, हे ते गृहीत होय. २०२३ साली नियम जसा होता तसा समोर ठेवून हे गृहीत कितपत टिकते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रथम थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. येथे अभिप्रेत असलेला फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा व फेकण्याचा अमेरिकन खेळ होय. अमेरिकेतील बहुसंख्य मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडाव्यवहाराचे नियमन करणारी नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन ही संघटना १९०६ साली स्थापन झाली. सध्याचे नाव तिला १९१० मध्ये मिळाले. १९७३ मध्ये तिने सदस्य विद्यापीठांची तीन श्रेणींत विभागणी केली. पुढे १९७८ मध्ये केवळ फुटबॉलपुरते पहिल्या श्रेणीचे आणखी दोन भाग पाडण्यात आले. २००६ पासून यांपैकी वरच्या भागास 'बाऊल उपविभाग' आणि खालच्या भागास 'अजिंक्यपद उपविभाग' अशा अर्थाची नावे रूढ झाली.

या नावांतच दोहोंमधील भेद सूचित होतो. खालच्या उपविभागात बाद पद्धतीची स्पर्धा होऊन विजेता ठरतो. वरच्या उपविभागात मात्र हंगामाच्या अखेरीस निमंत्रणावरून खेळावयाचे अनेक स्वतंत्र सामने असतात. त्यांना 'बाऊल' म्हणतात. बाऊल म्हणजे वाडगा. येल विद्यापीठाने १९१४ मध्ये वाडग्याच्या आकाराचे क्रीडागार उभारले. त्याच धर्तीवर कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे १९२२ मध्ये बांधलेल्या क्रीडागारास 'रोज बाऊल' हे नाव मिळाले. वास्तूचे नाव सामन्यास लागले आणि कालांतराने अशा सर्वच सामन्यांचे ते सामान्यनाम झाले. राष्ट्रीय विजेतेपदासाठी चार संघांची बाद स्पर्धा २०१४ च्या हंगामापासून सुरू झाली व २०२४ च्या हंगामापासून तीत बारा संघ घेतले जाऊ लागले. तथापि इतर बहुसंख्य संघांच्या दृष्टीने हंगामाचे फळ म्हणजे बाऊलचे निमंत्रण हेच राहिले.

दोन्ही उपविभागांतील आर्थिक अंतर मोठे आहे. २०२४-२५ पर्यंत वरच्या उपविभागातील संघास फुटबॉलसाठी ८५ शिष्यवृत्त्या देता येत, खालच्या उपविभागातील संघास ६३ शिष्यवृत्त्यांइतकीच रक्कम वाटता येई. खालून वर येऊ पाहणाऱ्या विद्यापीठास वरच्या उपविभागातील एखाद्या 'कॉन्फरन्स'चे, म्हणजे परस्परांशी नियमाने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या मंडळाचे, निमंत्रण लागते. शिवाय अर्जशुल्क भरावे लागते. ते पूर्वी ५,००० डॉलर होते, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते एकदम ५० लाख डॉलर करण्यात आले. यानंतर दोन वर्षांचा संक्रमणकाळ येतो, आणि या काळात संघ हंगामोत्तर सामन्यांस सामान्यतः अपात्र असतो. वादाचे मूळ येथे आहे.

३

या नियमाची घडण समजून घेण्यास भारतीय व्याकरणपरंपरेतील उत्सर्ग आणि अपवाद या संज्ञा उपयोगी पडतात. उत्सर्ग म्हणजे सामान्य विधी. अपवाद म्हणजे त्याच्या क्षेत्रातील काही भाग काढून घेणारा विशेष विधी. बाऊलविषयक नियमात असे तीन थर आढळतात.

पहिला थर उत्सर्गाचा. वरच्या उपविभागातील ज्या संघाने किमान सहा सामने जिंकले आहेत आणि ज्याचे विजय पराभवांपेक्षा कमी नाहीत, तो निमंत्रणास पात्र. दुसरा थर अपवादाचा. संक्रमणकाळातील संघ, त्याने कितीही सामने जिंकले तरी, अपात्र. तिसरा थर या अपवादाचाही अपवाद होय. उपलब्ध जागा भरण्याइतके पात्र संघ हंगामाअखेर नसतील, तर उरलेल्या जागांसाठी ठरावीक क्रमाने इतर संघांचा विचार व्हावा. या क्रमात संक्रमण पुरे करीत आलेल्या यशस्वी संघांस स्थान आहे. त्यांच्यानंतर पाच विजय व सात पराभव अशी कामगिरी असलेल्या संघांपैकी, ज्यांच्या खेळाडूंची शैक्षणिक प्रगती उत्तम आहे, अशांची पाळी येते.

तिन्ही थर २०२३ मध्ये एकाच संघाच्या वाट्यास आले. जेम्स मॅडिसनने अकरावा सामना ॲपलाचियन स्टेटविरुद्ध जादा वेळेत गमावला आणि अकरा विजय व एक पराभव अशा कामगिरीने हंगाम संपविला. सन बेल्ट कॉन्फरन्सच्या पूर्व गटात तो संघ सर्वांत पुढे होता. तरीही कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात त्यास स्थान नव्हते, आणि तेथे ॲपलाचियन स्टेट खेळला. पुढे बाऊलच्या ८२ जागांसाठी नियमाने पात्र संघ केवळ ७९ भरले. तीन जागा उरल्या. त्या जेम्स मॅडिसन, त्याच्याप्रमाणेच संक्रमणात असलेला अलाबामातील जॅक्सनव्हिल स्टेट, आणि पाच विजय व सात पराभव असलेला मिनेसोटा यांस मिळाल्या.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नियमित हंगामाच्या शेवटच्या शनिवारी जेम्स मॅडिसन जो संघ होता, तोच तो नंतरही होता. त्याच्या विजयांत एकाची भर पडली नव्हती, खेळाडू बदलले नव्हते. बदल झाला तो अन्यत्र. दूरच्या मैदानांवर काही संघांना सहावा विजय मिळविता आला नाही, आणि त्यांच्या अपयशातून या संघास पात्रता प्राप्त झाली. इतरांच्या पराभवाने जी लाभते ती पात्रता संघाच्या गुणांचे मोजमाप असणे शक्य नाही. आदल्याच वर्षीचे उदाहरण याची उलट बाजू दाखविते. २०२२ मध्ये संक्रमणाच्या पहिल्या वर्षी जेम्स मॅडिसनने आठ सामने जिंकले व तीन गमावले. बाऊलमध्ये मात्र पाच विजय व सात पराभव असलेला राइस विद्यापीठाचा संघ गेला.

४

मग 'पात्र' या शब्दाचा येथे अर्थ तरी काय? मूळ नियमातील इंग्रजी शब्द 'एलिजिबल' हा लॅटिनमधील 'निवडणे, वेचून घेणे' या अर्थाच्या धातूपासून आला असून त्याचा उत्तरांश शक्यता दर्शवितो. ज्याची निवड होऊ शकते तो, एवढाच त्याचा व्युत्पत्त्यर्थ. बाऊलच्या नियमात तो जवळजवळ याच अर्थाने वापरला आहे. सहा सामने जिंकणाऱ्या संघास निमंत्रणाचा हक्क मिळत नाही; निमंत्रण देणाऱ्यास त्याच्याकडे पाहण्याची मोकळीक मिळते, इतकेच.

मराठीत हा अर्थ उतरविताना मात्र अडचण उभी राहते. 'निवडण्याजोगा' असे म्हणावे, तर 'जोगा' हे पद संस्कृत 'योग्य' या शब्दापासूनच आलेले आहे; 'वाचण्याजोगे पुस्तक' म्हणजे वाचता येईल असे पुस्तक नव्हे, वाचावे अशा मोलाचे पुस्तक. संस्कृतातील 'दर्शनीय', 'पूजनीय' या रूपांतही योग्यतेची छटा प्रबळ आहे. असे कृत्य प्रत्यय 'अर्ह' आणि 'शक्य' अशा दोन्ही अर्थांनी होतात, हे पाणिनीने नोंदविलेले आहे. पुढील व्यवहारात अर्हतेने शक्यतेला बरेचसे मागे सारलेले दिसते. 'पात्र' या शब्दाचा प्रवासही असाच आहे. पात्र म्हणजे भांडे. त्यावरून ज्यात दान घालावे असा सत्पुरुष, आणि पुढे कोणत्याही लाभास लायक मनुष्य. इंग्रजीतील वाडगा आणि संस्कृतातील भांडे येथे एकत्र यावे हा केवळ योगायोग आहे, परंतु भेद स्पष्ट करण्यास तो उपकारक ठरतो. भांड्यात काय मावते हा एक प्रश्न, आणि भांडे कोणाच्या पंक्तीत मांडले आहे हा दुसरा. प्रस्तुत नियम मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

इंग्रजी भाषकांचाही गोंधळ याहून फारसा वेगळा नव्हता. सहा विजयांची अट पात्रतेस गुणवत्तेचा रंग देते. त्यामुळे संक्रमणाची अटही त्याच जातीची असावी असे ऐकणाऱ्यास वाटते. वस्तुतः पहिली अट संघाविषयी आहे, दुसरी संस्थेविषयी. दोहोंसाठी एकच विशेषण योजिल्यामुळे संस्थेच्या दर्जाविषयीचे विधान खेळाडूंच्या कर्तृत्वाविषयीचे विधान म्हणून ऐकले जाते.

५

याचा अर्थ नियम निर्हेतुक आहे असा नव्हे. प्रतीक्षेची अट नेहमी अशी नव्हती. वेस्ट व्हर्जिनियातील मार्शल विद्यापीठाने १९९६ मध्ये खालच्या उपविभागाचे अजिंक्यपद मिळविले आणि १९९७ मध्ये वर येताच त्याच वर्षी बाऊल सामनाही खेळला. अशी वाट मोकळी असेल, तर एखाद्या चांगल्या संघाच्या भरवशावर, वाढीव शिष्यवृत्त्या आणि इतर खेळांचा खर्च पेलण्याची तयारी नसतानाही, विद्यापीठे वर धाव घेतील, ही भीती निराधार म्हणता येत नाही. दोन वर्षांची प्रतीक्षा ही संस्थेच्या निश्चयाची कसोटी आहे. तात्काळ मिळणारे बक्षीस काढून घेतले की दीर्घकाळ टिकण्याची तयारी असलेलेच पुढे येतात, असा तिच्यामागील विचार दिसतो.

तथापि या कसोटीचे परिणाम कधीकधी चमत्कारिक होतात. २०१४ मध्ये जॉर्जिया सदर्न विद्यापीठाने वरच्या उपविभागातील पहिल्याच वर्षी सन बेल्टमधील आठही सामने जिंकून कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळविले. बाऊलमध्ये मात्र तो संघ गेला नाही. एका व्यवस्थेने विजेता म्हणून गौरविलेला संघ दुसऱ्या व्यवस्थेच्या लेखी निवडीच्या कक्षेबाहेर होता. बास्केटबॉलमध्ये, दुसऱ्या श्रेणीतून पहिलीत येणाऱ्यांस त्या वेळी चार वर्षे थांबावे लागे, त्यामुळे असे प्रसंग अधिक ठळकपणे घडले. २०२२ मध्ये बेलरमिन विद्यापीठाने आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात जॅक्सनव्हिल विद्यापीठाचा पराभव केला. राष्ट्रीय स्पर्धेत गेला तो जॅक्सनव्हिल स्टेट. २०२३ मध्ये मेरिमॅकने फेअरली डिकिन्सनला अंतिम सामन्यात एका गुणाने हरविले. राष्ट्रीय स्पर्धेतील जागा फेअरली डिकिन्सनला मिळाली, आणि त्या संघाने तेथे प्रथम मानांकित पर्ड्यू विद्यापीठाला नमवून खळबळ उडवून दिली. जो हरला तो पात्र, जो जिंकला तो अपात्र, असे या घटनांचे वर्णन लोकांनी केले. नियमाच्या भाषेत या वाक्यात कसलाही विरोध नाही. लोकभाषेत तो उघड आहे.

६

अर्थाचा हा उलगडा झाला म्हणजे तक्रार नाहीशी होते, असे समजणे चुकीचे ठरेल. ती आपल्या योग्य जागी येते, एवढे मात्र खरे. जेम्स मॅडिसनचा संघ बाऊलच्या योग्यतेचा होता की नाही, हा वादाचा विषयच नव्हता. ती योग्यता कोणी नाकारलीही नव्हती. खरा प्रश्न निराळा आहे. उपविभाग बदलण्याचा निर्णय विद्यापीठाचे अधिकारी घेतात, त्याचा दीर्घकालीन लाभ विद्यापीठास होतो, आणि कसोटीच्या काळाची किंमत मात्र त्या दोन वर्षांत खेळणारे विद्यार्थी देतात. त्या काळच्या नियमानुसार विद्यार्थ्यास पाच वर्षांच्या अवधीत चार हंगाम खेळता येत. त्यांतील दोन हंगाम म्हणजे त्याच्या क्रीडाजीवनाचा अर्धा भाग होय. संस्थेचे आयुष्य शतकांत मोजावयाचे असते आणि विद्यार्थ्याचे हंगामांत. एकाच मापाने दोघांकडून प्रतीक्षा वसूल केली जाते.

२०२३ च्या डिसेंबरात जेम्स मॅडिसनचा संघ अखेर टेक्सासमध्ये एअर फोर्स अकादमीविरुद्ध खेळला आणि पराभूत झाला. तोवर त्याचे मुख्य प्रशिक्षक इंडियाना विद्यापीठात गेले होते. २०२५ च्या हंगामात हेच विद्यापीठ राष्ट्रीय विजेतेपदाच्या बारा संघांत निवडले गेले. संस्थेच्या दृष्टीने प्रतीक्षा फळास आली असे म्हणता येईल. २०२२ मध्ये आठ सामने जिंकून ज्यांचा शेवटचा हंगाम संपला, त्या विद्यार्थ्यांस हे फळ मिळणे शक्य नव्हते.

यास्तव अशा नियमांचा मराठीत विचार करताना 'योग्य' हा शब्द गुणवत्तेसाठी राखून ठेवावा आणि 'पात्र' हा केवळ नियमसिद्ध स्थितीसाठी वापरावा, हे इष्ट होय. त्यामुळे 'योग्य असूनही अपात्र' असे वाक्य विसंगत न वाटता एका वस्तुस्थितीचे नेमके वर्णन ठरेल. आणि ते एकदा स्पष्टपणे उच्चारता आले, म्हणजे संस्थेच्या परीक्षेचे शुल्क विद्यार्थ्याने का भरावे, हा प्रश्नही तितक्याच स्पष्टपणे विचारता येईल.