घोडी पुढे, बैल मागे

चैत्र लागला की शिरूर तालुक्यातल्या पाबळ, केंदूर, कवठे येमाईच्या बाजूला गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि घाट गर्दीने फुलतात. भोंग्यावरून निवेदकाची 'भिर्रर्र' ऐकू आली की बारी सुटल्याचे अर्धा मैल लांबच्या शेतातही कळते. पुढे घोडी आणि तिच्यावर स्वार, मागे चार बैलांचा गाडा. गाड्यावर बहुधा कोणीच बसलेले नसते. बैल धावतात ते घोडीच्या मागे. दहा-बारा सेकंदांत सगळे संपते, आणि कोणाचा गाडा 'घाटाचा राजा' ठरणार ते सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठरते.

याच घाटाच्या काठावर उभी असलेली तरुण मुले रात्री मोबाइलवर केंटकी डर्बी किंवा मेलबर्न कपची चित्रफीत बघतात. पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळ्यात धावणारे घोडे तर सव्वा-दीड तासाच्या अंतरावर आहेत. मग घाटात हमखास तुलना निघते: घोडा एवढा का पळतो, बैलाला ते जमते का, आणि जमत असेल तर त्याच्या जिवावर बेतत नाही ना? हा वाद केवळ पारावरचा नाही. सर्वोच्च न्यायालयापर्यंत तो गेला आणि तिथे बैलाच्या शरीररचनेवर गंभीर चर्चा झाली.

आधी घोड्याचे पाहू. रेसच्या थरोब्रेड घोड्याचे हृदय चार-पाच किलोचे असते. उभा असताना ते मिनिटाला तीस-चाळीस ठोके देते आणि शर्यतीत दोनशेच्या वर जाते. त्याची खरी गुप्त पुंजी मात्र प्लीहेत आहे. विश्रांतीच्या वेळी घोडा तांबड्या पेशींचा मोठा साठा प्लीहेत राखून ठेवतो. शर्यत सुरू झाली की प्लीहा आकुंचन पावते आणि हा साठा रक्तात येतो. रक्तातल्या पेशींचे प्रमाण चाळीस टक्क्यांवरून साठच्या पुढे जाते. खेळाडू माणसाने असे रक्त वाढवले तर त्याला उत्तेजक घेतल्याबद्दल बंदी येईल. घोड्याला ते निसर्गाने बहाल केले आहे. १९७३ मध्ये 'सेक्रेटेरिएट'ने केंटकी डर्बीचे सुमारे दोन किलोमीटर दोन मिनिटांच्या आत कापले. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.

या देणगीची किंमतही आहे. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो. भरधाव पळताना त्याचा प्रत्येक श्वास टापेशी बांधलेला असतो: एक झेप, एक श्वास, मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा. फुप्फुसातल्या केशवाहिन्यांवर रक्ताचा दाब इतका चढतो की त्या फुटतात. शर्यतीनंतर दुर्बिणीने तपासले तर निम्म्याहून अधिक घोड्यांच्या श्वासनलिकेत रक्ताचा अंश सापडतो. नाकातून रक्त बाहेर येणे त्या मानाने क्वचित घडते, त्यामुळे मालकाला पत्ताच लागत नाही. घाटातली घोडी एका दिवसात अनेक गाड्यांपुढे पळत असेल तर तिच्या मालकाने हे ध्यानात ठेवावे. खोकला, पळून आल्यावर पुन्हापुन्हा घोट गिळणे, नेहमीपेक्षा लवकर दमणे ही त्याची लक्षणे असू शकतात.

युरोप-अमेरिकेत घोड्याला हलकी दुचाकी गाडी जोडून पळवण्याच्या शर्यतीही मोठ्या आहेत. पॅरिसच्या व्हँसेन मैदानावरची 'प्री दामेरिक' १९२० पासून आणि अमेरिकेतली 'हॅम्बलटोनियन' १९२६ पासून होते. तिथला नियम आपल्याकडच्या माणसाला विचित्र वाटेल: घोड्याने चौखूर उधळायचे नाही. दुडक्या चालीतच पळायचे. चाल मोडली की घोडा मागे घ्यावा लागतो, नाहीतर बाद. आपल्याकडे रेवाल चालीच्या घोड्यांचे कौतुक होते, त्याच जातीचा हा प्रकार. २०१२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की अशा चालींमागे 'डीएमआरटी३' नावाच्या जनुकातला एकच बदल असतो. पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी चारही पायांचा ताल ठरवतात, त्यांच्यावर हे जनुक काम करते. गाडीच्या शर्यतीतल्या घोड्यांत हा बदल जवळपास सर्वांत आढळतो, थरोब्रेडमध्ये तो नसतो. म्हणजे चाल शिकवता येते हे खरे, पण काही घोडी ती घेऊनच जन्माला येतात.

आता बैल. त्याच्या पोटाच्या डाव्या बाजूला रोमंथिका, म्हणजे शंभर लिटरच्या आसपासची चाऱ्याची टाकी असते. पळताना ती हेलकावते आणि श्वासपटलावर दाब देते. वजनाच्या मानाने त्याचे फुप्फुस घोड्यापेक्षा लहान असते. प्लीहेतून पेशी ओतण्याची घोड्याची ताकदही त्याच्यात नाही. खूर दुभंगलेला. बैल घोड्यासारखा धावण्यासाठी घडलेला नाही, हा मुद्दा ७ मे २०१४ च्या निकालात न्यायालयाने उचलून धरला आणि शर्यती बंद झाल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवरचा तज्ज्ञांचा अहवालही राज्याने न्यायालयापुढे ठेवला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने हा कायदा वैध ठरवला. काठी, चाबूक, विजेचा धक्का यांना मनाई आणि पशुवैद्यकाच्या तपासणीची अट, हे त्या परवानगीचे मोल आहे.

विज्ञानाच्या बाजूने पाहता दोन्ही पक्ष थोडे बरोबर आहेत. बैल दोन मिनिटांच्या शर्यतीचा प्राणी नाही हे निर्विवाद. पण घाटातली धाव दहा-बारा सेकंदांची असते. एवढ्या वेळात फुप्फुसाचे काम फारसे लागत नाही. स्नायूत आधीच साठवलेल्या ऊर्जेवर ती धाव निघते. माणदेशी खिलारासारखा हलका, लांब पायांचा, घट्ट खुराचा बैल हे करू शकतो. घाटाचा चढही पुढच्या पायांवरचा आदळ कमी करतो. धोका आहे तो त्या बारा सेकंदांच्या आधी आणि नंतर: टेम्पोतला प्रवास, बारी लागेपर्यंत उन्हात तासन् तास थांबणे, आणि पळून आल्यावर पाण्याविना उभे राहणे.

शिरूर आणि दौंड हे दोन्ही पर्जन्यछायेतले तालुके. एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा चाळिशी गाठतो, आणि यात्रा नेमक्या तेव्हाच. आपल्या वशिंडाच्या बैलाला विदेशी गुरांपेक्षा घाम जास्त येतो, लोंबती पोळी आणि सैल कातडीमुळे उष्णता बाहेर पडते. तरीही तोंड उघडे टाकून, जीभ बाहेर काढून धापा टाकणारा बैल म्हणजे त्याची सोय संपली असे समजावे. त्याला दुसऱ्या बारीला जुंपू नये, मग समोर मोटरसायकलचे बक्षीस का असेना. गुदद्वारात थर्मामीटर धरणे हा दोन मिनिटांचा उद्योग आहे. बैलाचे नेहमीचे तापमान साडेअडतीस अंश सेल्सिअसच्या आसपास, घोडीचे त्याहून किंचित कमी. पळाल्यावर ते वाढणारच. सावलीत अर्धा तास उभे करूनही उतरले नाही तर डॉक्टरांना बोलवावे.

घामाघूम जनावरावर गार पाणी ओतू नये, स्नायू आखडतात, असे जुने जाणते सांगतात. ही समजूत पाश्चात्त्य देशांतही होती. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत दमट उन्हातल्या घोड्यांवर मुद्दाम अभ्यास झाले आणि ती टिकली नाही. भरपूर गार पाणी सर्वांगावर सतत ओतणे हाच शरीर लवकर थंड करण्याचा मार्ग ठरला. घाटावर आज सावलीचा मांडव असतो तो बहुतेक पाहुण्यांसाठी. त्यातला एक जनावरांसाठी आणि शेजारी पाण्याचा टँकर, एवढे यात्रा समितीला जड नाही.

खुराकाचेही असेच. हंगामात बैलाला उडीद, हरभरा, गव्हाचे पीठ, अंडी, दूध असे काय काय दिले जाते. माया त्यात असतेच, पण रोमंथिका कडब्यावर चालणारी भट्टी आहे. एकदम जास्त पीठधान्य गेले की तिथे आम्ल वाढते, बैल रवंथ सोडतो, पातळ शेण टाकतो, पाय दुखवून घेतो. कधी दगावतो. खुराक वाढवायचा तर दोन-तीन आठवड्यांत हळूहळू, आणि वैरण तोडून नव्हे.

भीमा-घोड नद्यांच्या आणि कालव्यांच्या उसाच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट घडते. उसाचे वाढे स्वस्त मिळते म्हणून तेच घोडीपुढेही पडते, जोडीला गव्हाचा कोंडा. वाढ्यातले ऑक्झलेट कॅल्शियम अडवून ठेवते आणि कोंड्यातल्या जादा फॉस्फरसने तोल आणखी बिघडतो. शरीर मग हाडांतले कॅल्शियम काढू लागते. घोडीचा चेहरा दोन्ही बाजूंनी सुजल्यासारखा दिसू लागतो आणि पाय बदलून बदलून लंगडतात. जाणकार मालक म्हणतो, 'मुरगळली असेल.' हाड मात्र आतून पोकळ होत असते. अशी घोडी चार बैलांच्या पुढे पळताना कोसळली तर स्वाराचे काय होईल, हे सांगायला नको. लसूणघास, ज्वारीचा कडबा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने क्षार-मिश्रण, एवढ्यावर हे टळते.

हाडांच्या बाबतीत श्रीमंतांचे खेळही अलीकडेच शहाणे झाले. मेलबर्न कपमध्ये २०२० साली 'अँथनी व्हॅन डाइक' या डर्बी विजेत्या घोड्याचा पाय मोडून अंत झाला. पुढच्या वर्षापासून परदेशातून येणाऱ्या घोड्यांना पायांचे सीटी स्कॅन सक्तीचे झाले, कारण मोठ्या मोडीच्या आधी हाडात बारीक चिरा पडलेल्या असतात. घाटावर सीटी स्कॅन येणार नाही. पण आदल्या दिवशी बैलाला आणि घोडीला सपाट जमिनीवर वीस पावले चालवून, पाय उचलून, पत्री आणि नाल ठोकून बघायला कोणती मशीन लागते? लंगडणारे जनावर चालताना डोके किंवा पुठ्ठा कमीजास्त उचलते. गावातल्या जुन्या गाडामालकांची नजर हे लांबूनच टिपते. तपासणीचा दाखला देणाऱ्या पशुवैद्यकाला यात्रेच्या सकाळी दोन तास शांतपणे हे करू दिले, आणि त्याने 'नाही' म्हटलेला बैल खरोखरच टेम्पोत परत चढवला, तर बारी एक कमी होईल. निवेदकाला ती जागा भरायला दुसऱ्या गाड्याचे नाव पुकारता येते.