विश्लेषण : पोहायला जाताना कोणता टॉवेल न्यावा? ‘क्विक ड्राय’ म्हणजे नेमके काय?

सकाळची साडेसहाची बॅच, तलावातून बाहेर येऊन घाईघाईत अंग पुसणे आणि तिथून थेट ऑफिस. या धावपळीत ओला टॉवेल दिवसभर बॅगेत कोंडून राहतो आणि संध्याकाळी चेन उघडली की कुबट वास येतो. पावसाळ्यात प्रश्न वासापुरता उरत नाही. दमट कापडात बुरशी वाढते आणि नायट्यासारखा त्वचाविकार टॉवेलवाटेही पसरू शकतो. मग लेबलवर ‘क्विक ड्राय’ लिहिलेला टॉवेल घेतला की प्रश्न मिटतो का?

सुती टॉवेल सुकायला वेळ का लागतो?

कापसाचा धागा पाणी स्वतःच्या आत ओढून घेतो. कितीही पिळले तरी ते सगळे निघत नाही. शिवाय कापडच जड असते. लेबलवरचा ‘जीएसएम’ म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. ५०० जीएसएमचा, ७५ बाय १५० सेंटीमीटरचा टेरी टॉवेल कोरडाच सुमारे ५६० ग्रॅम भरतो. २०० जीएसएमचा, ६० बाय १२० सेंटीमीटरचा मायक्रोफायबर टॉवेल १४५ ग्रॅमच्या आसपास.

मायक्रोफायबरमध्ये वेगळे काय?

पॉलिस्टर आणि नायलॉनचे अतिशय बारीक तंतू, बऱ्याचदा ८०:२० या प्रमाणात. हे तंतू स्वतः फारसे पाणी पीत नाहीत. तंतू चिरून तयार केलेल्या फटींत पाणी केशाकर्षणाने शिरते आणि पिळले की बरेचसे बाहेर पडते. त्यामुळे ‘वजनाच्या अमुक पट पाणी शोषतो’ या दाव्याला भुलू नये. पिळल्यावर किती पाणी उरते, यावर सुकण्याचा वेळ ठरतो.

दुकानात कापडावरून कोरडी बोटे फिरवून पाहा. ते किंचित अडकत असेल, तर तंतू बहुधा चिरलेले आहेत. सुळसुळीत पोताचा टॉवेल मात्र घासला की अंगाला चिकटतो, त्याने पाणी टिपायचे असते. मला हे कळायला आठवडा गेला, तोवर मी टॉवेललाच दोष देत होतो.

मग पंचा काय वाईट?

काहीच नाही! पातळ सुती पंचा मुळातच कमी पाणी धरतो, लवकर वाळतो, कपडे बदलताना कमरेला गुंडाळता येतो आणि स्वस्तही पडतो. लांब केस असतील तर एकात भागत नाही, इतकेच. मायक्रोफायबर धुताना प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात, पंच्याबाबत तीही चिंता नाही.

डायव्हिंगचे खेळाडू वापरतात तो छोटा ‘शॅमी’ पिळून लगेच पुन्हा वापरता येतो, पण वाळला की पुठ्ठ्यासारखा कडक होतो.

बॅगेत टॉवेल सुकतो का?

नाही, कोणताच नाही. बाष्पीभवनाला मोकळी हवा लागते आणि जुलैतल्या मुंबईची हवा आधीच बाष्पाने जड असते. ऑफिसात पोहोचताच टॉवेल पंख्याखाली पसरावा, जमत नसेल तर निदान जाळीच्या पिशवीत ठेवावा. घरी आल्यावर साध्या पाण्यात खळबळला की क्लोरिन निघते. मायक्रोफायबरला फॅब्रिक सॉफ्टनर लावू नये, त्याच्या थराने शोषणक्षमता घटते. गरम इस्त्रीही नको. आणि बॅचमधल्या मित्राने कितीही हक्काने मागितला, तरी आपला टॉवेल त्याला देऊ नये.